एक जादा अक्षर

“दोन सुलट, एक उलट. दोन सुलट, एक उलट.”

विणताना आत्याचा आवाज असाच चालायचा, अंगाईच्या लयीत. भाची शेजारी बसून लहान सुयांवर शिकायची. एकदा तिच्याकडून एक टाका जादा उचलला गेला. तिला ते कळलं, पण ती गप्प राहिली. दहा ओळींनी आत्याने वीण उजेडात धरली. नक्षी तिरकी पळत होती. आत्या रागावली नाही, उसवायला बसली. “चुकतं गं सगळ्यांचंच,” ती म्हणाली, “पण तेव्हाच बोलली असतीस, तर एकच ओळ उसवली असती.”

भाची आता चौतिशीची आहे आणि आजही तिनातिनानेच मोजते. जनुकाची लिपी चारच अक्षरांची. ती तीन-तीन करून वाचायची, आणि प्रत्येक तिकडी प्रथिनाच्या माळेत कुठला मणी ओवायचा ते सांगते. पिढ्या उलटतात तशी अक्षरं बदलतात. काही बदलांनी मणी तोच राहतो; ते मुके बदल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काहींनी मणीच बदलतो. नात्यातल्या दोन जातींच्या ओळी शेजारी ठेवून दोन्हींचा वेग मोजायचा आणि मणी बदलणाऱ्यांना मुक्यांनी भागायचं. उत्तर एकाच्या खाली आलं, तर निसर्ग त्या जनुकाची राखण करतोय. एकाच्या आसपास आलं, तर त्याला सोयरसुतक नाही. एकाच्या वर गेलं, तर तो बदलच वेचून घेतोय. वर जाणारी जनुकं थोडी. प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी एकोणीस वर्षं धबधब्यामागच्या गुहेतली वटवाघळं धुंडाळली होती. पंखाच्या कडेचा टिकलीएवढा तुकडा जनुक वाचण्यासाठी घ्यायचा आणि जीव सोडून द्यायचा. इतक्या गोंगाटात ऐकायचं, तर त्यांचं ऐकण्याचं जनुक निसर्गाने बदलून घेतलं असणार, असं त्यांचं म्हणणं. लोक हसायचे. मग मोजणीबाईने आकडा काढला: दोन पॉइंट सहा. सर व्हरांड्यात गेले आणि चष्मा पुसत परत आले.

त्यांचा एक नियम होता. मोजणीआधी एकाने अक्षरं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ओळींवरून बोट फिरवायचं, मग वहीत ‘वाचले’ लिहून सही करायची. त्या मोजणीच्या दिवशी तिचा वाचनातला जोडीदार रजेवर होता. तिने मोजणी आधी लावली, आकडा पाहिला आणि त्याच आनंदात सही ठोकली.

अठरा दिवसांपूर्वी, शोधपत्रिकेने स्वीकारलेल्या लेखासाठी चित्र नव्याने काढताना तिला दिसलं की सगळे बदल एकाच जागी खांद्याला खांदा लावून उभे आहेत. गुहेतल्या वटवाघळाच्या ओळीत एक अक्षर जादा पडलं होतं. चाळीस तिकड्यांनी पुढे एक गळलं होतं. अक्षरं टिपणारं यंत्र दोनदा अडखळलं होतं, एवढंच. एकूण लांबी बरोबर भरली, म्हणून संगणकानेही हाक दिली नाही. मधल्या चाळीस तिकड्या मात्र एकेक अक्षर सरकून वाचल्या गेल्या. तिने दोन्ही जागा दुरुस्त करून पुन्हा मोजलं. शून्य पॉइंट दोन. निसर्गाने त्या जनुकाला बोटही लावू दिलं नव्हतं.

तेव्हापासून ती रोज सांगायचं ठरवून यायची आणि न सांगता घरी जायची.

आज सर कपाट आवरत होते. महिनाअखेर त्यांची निवृत्ती. जोडीदार चहा घेऊन आला. प्रत्येक गोष्टीवर प्रश्न काढायची त्याला खोड, म्हणून त्याचं नाव शंकासूर.

“मोजणीबाई, कप किती वेळ हातात धरणार? चहा आहे तो, थर्मामीटर नाही.”

“असू दे रे,” सर म्हणाले. “आमची ही म्हणते, एकोणीस वर्षं वटवाघळांना दिलीत, आता निदान मला पडदे लावून द्या. मी म्हटलं, उलटं टांगून घ्यायचं असेल तर सांग, तेवढंच येतं.”

शंकासूर हसला. ती हसली नाही.

“लेखाची शेवटची प्रत आलीय,” सर म्हणाले. “बारापर्यंत छापायला होकार कळवायचा. मी वाचली, तू एकदा नजर टाक. नंतर कोणी बोट दाखवायला नको.”

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“आणि ही वही तुझ्याकडे ठेव. नियम मोडू नकोस हं, माझ्या माघारी.”

वहीच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या. तिने कप खिडकीत ठेवला. पान शोधावं लागलं नाही. वही उघडीच तिने सरांसमोर टेबलावर ठेवली आणि सहीवर बोट टेकवलं.

“काय गं?” सर म्हणाले.

“सर, होकार कळवू नका. इथे मी ‘वाचले’ लिहिलंय, पण वाचलं नव्हतं. एक अक्षर जादा होतं, पुढे एक कमी. ते सुधारलं की शून्य पॉइंट दोन येतं. वटवाघळांचं काही बदललेलं नाही, मी चुकीचं मोजलं.” तिचा आवाज चढला नाही, थांबलाही नाही. “आणि हे मला अठरा दिवसांपासून माहीत आहे.”