गरिबीची मोजणी

१९६१ साल. बाबा पुस्तकबांधणी करायचे. त्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. छातीच्या दवाखान्यात फुकट खाट मिळायची ती 'अगदी गरीब' ठरलेल्या घरांनाच, आणि ते ठरवायला मोजणीबाई दारोदार फिरत होती.

"वस्तू मोजतात म्हणे," खालच्या मजल्यावरची काकू सांगत आली. "घड्याळ दिसलं की गरिबी संपली."

आईने भिंतीवरचं घड्याळ उतरवून काकूकडे ठेवलं. मागे उरलेल्या गोल डागावर कॅलेंडर टांगलं.

मोजणीबाईने कागदावर 'घड्याळ नाही' असं लिहिलं, पण भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. "वस्तू लोक लपवतात. आता आम्ही घरातल्या शाळकरी पोराला विचारतो. मोठ्यांनी बाहेर थांबा."

आईचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोवर दार लागलं.

"गेल्या आठवड्यात कधी उपाशी झोपलीस?"

मी आठ वर्षांची. पाण्यावर दिवस निघाला तरी परक्यासमोर 'पोट भरलंय' म्हणायचं, हे आईने मला चिमटे काढून शिकवलेलं.

"नाही."

"दोन्ही वेळा जेवलीस?"

"हो. ताटात उरलंसुद्धा." हे माझ्या पदरचं. आईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं.

"गुणी आहे हो पोर," बाई बाहेर जाताना म्हणाली.

आम्ही 'मध्यम' ठरलो. खोकल्याची उबळ ओसरल्यावर बाबा म्हणाले, "चला, बढती मिळाली." काकू आईला म्हणाली, "घड्याळ लपवलंस गं, पोरीची जीभ लपवायची राहिली." आईने मला मारलं नाही. मात्र त्यानंतर मला वाढताना ती दर वेळी विचारायची, "उरेल ना?"

बाबा चार महिन्यांत गेले. तेरावं झाल्यावर आई घड्याळ मागायला गेली, तर काकू म्हणाली, "कुठलं घड्याळ? कागदात बघ, तुमच्या घरी घड्याळच नव्हतं." ते तिच्याकडे तिच्या मरणापर्यंत टिकटिकत होतं, आता तिच्या नातवाकडे आहे. मोजणीबाई मोठ्या हुद्द्यावर चढली. पोरांना विचारायची तिची पद्धत पुढे बऱ्याच गावांत गेली म्हणतात. आई ऐंशीची होऊन गेली. शेवटच्या आठवड्यात तिला काही गिळवत नव्हतं. नर्सने विचारलं, "आजी, भूक आहे का?"

"पोट भरलंय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.