स्टोव्हचा आवाज

ढगोबांनी छातीभर श्वास घेतला आणि माइकसमोर असे काही खदाखदा हसले की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने दचकून हेडफोनच उतरवला.

"बंद करा!" लेखिकाबाई कडाडल्या. "हे काय चालवलंय?"

ढगोबांचं तरी काय चुकलं होतं? उभा जन्म रंगभूमीवर राक्षस करण्यात गेला, हे नावसुद्धा त्या आवाजानेच मिळालेलं. बाईंची कादंबरी ध्वनिमुद्रित करायची म्हटल्यावर त्यातल्या दुष्ट काकाला त्यांनी आपलं ठेवणीतलं हसू काढून दिलं.

"बाई, खलनायक आहे ना तो?"

"काका आहे तो! राक्षस आपण रचले ते आपल्या सोयीसाठी. शिंगं, सुळे, लाल डोळे. म्हणजे लांबून ओळखता येतो आणि घरात कुणाकडे बघावं लागत नाही. हा माणूस चारचौघांत मान खाली घालून बोलतो. पोरीला मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवतो. काचेला चरा जाईल ना! पोरीच्या पाठीचं काही का होईना!"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या आईने तोंड वाकडं केलं. इथून पुढे तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून गप्प बसायच्या अटीवर तिला आत घेतलं होतं. गप्प बसणं तिला काही नवीन नव्हतं.

"कशाला गेलेल्या माणसाला उकरतेस? भावजी म्हणजे देवमाणूस. त्यांनी कुणावर हात उगारलेला मी तरी पाहिला नाही."

"आणि ऐकलं? तेही नाही?"

"मी आपली स्वयंपाकघरात. त्या स्टोव्हच्या आवाजात काय ऐकू येणार, कप्पाळ!"

पुन्हा तेच. लहानपणापासून तेच. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी पुस्तकं लिहिली, लोकांनी डोक्यावर घेतली, पण या एका बाईच्या तोंडचं हे वाक्य काही बदललं नाही.

"उठा," त्या ढगोबांना म्हणाल्या आणि रेकॉर्डिंग सुरू करायची खूण करून स्वतः माइकसमोर बसल्या. आवाज खाली आणला. इतका मऊ, इतका मायेचा, की ढगोबा जागच्या जागी उभे राहिले.

"पाणी प्यायलीस का, राणी? पी आधी. मग ये इकडे."

आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"राणी नाही गं," ती म्हणाली. "'चिमणे' म्हणायचा, मेला."

बाईंनी सावकाश मान वळवली.

"ते कानावर आलं, की मी स्टोव्हला आणखी पंप मारायचे."

हेच तर ऐकायचं होतं आयुष्यभर. आणि आता ऐकल्यावर म्हातारीचे खांदे धरून तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. बाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "बाई, मध्येच आजी बोलल्या. तेवढं पुसतो, पुन्हा घेऊ."

"खबरदार," बाई म्हणाल्या, "एक अक्षर पुसलंत तर!"