गॅलरीतला शर्ट

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात कुजक्या कांद्यासारखा वास मिसळतात, आणि ते काम आमचे हे करतात. त्यापायी त्यांचं स्वतःचं नाक पार मेलंय. काल बाहीवर त्या द्रव्याचा थेंब पडलेला, तरी शर्ट खुशाल गॅलरीत टांगला.

आज तो वास येताच वरच्या काकूंनी अख्खी इमारत खाली उतरवली आणि गॅस कंपनीला फोन लावला. इथेच राहतात म्हणून कंपनीने यांनाच बघायला सांगितलं.

सगळी स्वयंपाकघरं हुंगून हे आमच्या घरात आले. "कुठेच गळती नाही. काकूंना भास होतात."

मागोमाग येऊन मी शर्ट त्यांच्या नाकाखाली धरला. तरी चेहरा कोरा.

"काम चोख आहे हो तुमचं," मी म्हणाले. "आता खाली जाऊन काकूंना सांगा, वास तुमच्या शर्टाचा होता."