गोड बोलायची नोकरी

मिरजेच्या बशीर टेलरांची मुलगी सुमैरा स्कॉटलंडच्या उत्तरेकडं, एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात काम करत होती. गावात एक दुकान, एक चर्च, तालुक्याला जाणारी एक बस, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. मिरजेत नर्सिंग शिकलेली सुमैरा लग्नानंतर नवरा दानिशबरोबर तिकडं गेली आणि तिथंच रुळली.

आश्रमातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना विस्मरणाचा आजार होता. त्यांना सांभाळण्यात सुमैराचा हात धरणारं कुणी नव्हतं. फ्रेझर नावाचे एक शेतकरी आजोबा दुपार झाली की दाराशी येऊन उभे राहायचे. गाईंचं दूध काढायचं राहिलंय म्हणायचे. गाई विकून जमाना झाला होता. कामावरच्या बाकीच्या बायका त्यांना तसं समजावून सांगायच्या आणि आजोबा रडायला लागायचे. सुमैरा त्यांना कोट चढवायची, कुंपणापर्यंत चालवत न्यायची, एकेका गाईचं नाव विचारायची. परत येईपर्यंत आजोबा दूध विसरून चहा मागायचे.

अशात मिरजेहून धाकट्या भावाचा, तौसीफचा फोन आला.

"आपा, अब्बांचं काही खरं नाही. काल नमाजला म्हणून गेले ते सांगलीच्या स्टँडवर सापडले. मिरजेची गाडी कुठं लागते म्हणून विचारत होते, आणि मिरजेची गाडी समोरच उभी होती."

डॉक्टरांनी तेच निदान केलं जे सुमैराला फोनवरच कळलं होतं. त्या दिवसापासून तिच्या सूचना सुरू झाल्या. अब्बांचं सगळं भावजय जीनत बघायची, म्हणून सूचना जीनतला.

"हे बघ जीनत, 'आत्ताच सांगितलं ना' असं त्यांना कधी म्हणायचं नाही. त्यांचं बोलणं खोडायचं नाही. आवाज तर अजिबात चढवायचा नाही. ते मुद्दाम करत नाहीत गं."

"हो, आपा," जीनत म्हणायची.

एकदा फोन चालू असताना मागून जीनतचा चढलेला आवाज आला. सुमैराने नंतर तौसीफला वेगळा फोन केला. "बायकोला जरा समजाव. बाप आहे आपला. मी इथं परक्यांच्या बापांना फुलासारखं जपते."

तौसीफने ते जसंच्या तसं जीनतला सांगितलं.

त्याच सुमारास सुमैराने नव्या नोकरीसाठी अर्ज केला. त्या भागातल्या सगळ्या आश्रमांमध्ये फिरायचं आणि नवीन आलेल्या मुलींना शिकवायचं, विसराळू म्हाताऱ्यांशी कसं वागावं, कसं बोलावं. मुलाखतीत तिने फ्रेझर आजोबांची गोष्ट सांगितली. समोरच्या दोन्ही बायकांचे डोळे भरून आले. निकाल लागायच्या आत रजा काढून ती मिरजेला आली.

पहिले काही दिवस चांगले गेले. अब्बांना ती कोण हे नीट उमगत नव्हतं, पण घरात कुणीतरी गोड बोलणारी बाई आली आहे एवढं त्यांना आवडलं होतं. दवाखान्यातली समजून ते तिला 'सिस्टर' म्हणायचे. सुमैरा त्यांना अंघोळ घालायची, हात धरून दर्ग्याच्या रस्त्याने फिरवून आणायची. जीनत बघत असायची.

मग दिवस जड जायला लागले. तिकडं ड्यूटी संपली की सुमैरा कोट घालून आपल्या घरी जायची, दानिशबरोबर जेवायची, तंगड्या पसरून टीव्ही बघायची. इथं ड्यूटी संपतच नव्हती. अब्बा पहाटे उठून दाराची कडी वाजवायचे. ताट पालथं करायचे. तिची अम्मी, जी जाऊन सात वर्षं झाली होती, तिला हाका मारायचे, आणि ती आली नाही की सुमैरालाच विचारायचे, "तू कोण? माझ्या घरात काय करतीस?" परक्या म्हाताऱ्याने असं विचारलं की तिला हसू यायचं. बापाने विचारलं की कुठंतरी आत दुखायचं, आणि दुखलं की तिला राग यायचा.

नोकरी मिळाल्याचं कळलं त्या दिवशी तौसीफने दुकानातून परस्पर पेढे पाठवले. दुपारी बाळासो आले. साताऱ्याकडचे रिटायर सुभेदार. पलटणीत असल्यापासून त्यांचे कपडे अब्बाच शिवायचे आणि दोघांची दोस्ती घरच्यासारखी होती.

"लय नाव काढलंस पोरी," बाळासो म्हणाले. "आता मास्तरीण व्हनार म्हन की. गोऱ्यांस्नी शिकिवनार." मग अब्बांच्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "मास्तर, वळिखलं का? आवं, ही तुमची लेक. नशीब काढलंय तुमी. असली सेवा करनारी लेक कुनाला हाय?"

अब्बा हसले. मग उठले, दोन पावलं गेले, आणि बाळासोंच्या समोरच कोपऱ्यात तोंड करून पायजम्याची नाडी सोडू लागले.

"अब्बा, नको. इकडं चला," सुमैरा धावली. पण तोवर फरशीवर धार लागली होती. तिचे शिंतोडे पेढ्यांच्या बॉक्सवर उडाले.

तिकडं असं रोज व्हायचं. तिकडं ती म्हणायची, "काही हरकत नाही, चला, आपण कपडे बदलू." ते वाक्य तिला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" ती ओरडली. "माणसं बसलीत ना समोर!" तिने त्यांचं मनगट पिरगाळलं आणि ओढलं. ते अडखळले. ती पुन्हा ओरडली, काय ते तिलाही नंतर आठवलं नाही, आणि तिचा दुसरा हात वर गेला.

अब्बांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"सिस्टर, मारू नका," ते म्हणाले. "मी पुसतो. मी पुसतो सगळं."

हात तिथंच राहिला. बाळासो खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"येतो मी," ते म्हणाले. "येष्टी चुकंल." चप्पल घालताना त्यांनी सुमैराकडं पाहिलं नाही.

जीनत बादली घेऊन आली. तिने आधी अब्बांना मोरीत नेलं, मग फरशी पुसली. सुमैरा आतल्या खोलीत कॉटवर बसून राहिली. आपल्या हाताकडं तिला बघवत नव्हतं. मारलं नव्हतं, हे खरं. पण अब्बांनी डोकं कसं पटकन झाकलं होतं! मार बसणार हे त्यांना कुठून कळलं?

जीनत हात पुसत आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"आपा, रागावणार नसाल तर सांगते."

"सांग."

"मी मारलंय त्यांना. एकदा. पावसाळ्यात. पोराला ताप होता, आणि अब्बांनी औषधाची बाटली ओतून दिली. हात सुटला माझा. त्या रविवारी तुमचा फोन आला तवा मी बाथरूममधी जाऊन बसले. तौसीफला सांगितलं, पोट दुखतंय म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला?" जीनतने पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "तुमाला कसं सांगणार, आपा?"

सुमैराला फोनवरची आपली सगळी वाक्यं आठवली. बायकोला जरा समजाव. फुलासारखं जपते. त्या वाक्यांनी या घरात अब्बांचं काडीचं भलं झालं नव्हतं. एकटी बाई आणखी एकटी झाली होती, तेवढंच. अब्बांना खाल्लेला मार आठवत नव्हता, पण डोकं झाकायचं आठवत होतं. आणि त्या माराला आपणही कुठंतरी कारण आहोत, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्कॉटलंडला फोन लावला आणि नवी नोकरी नको म्हणून सांगितलं. जुन्या कामावरही अजून महिनाभर येता येणार नाही म्हणाली. तिकडची साहेबीण भली होती.

"वडिलांसाठी एवढी चांगली संधी सोडतेस," ती म्हणाली. "तुझ्यासारखी मुलगी असायला भाग्य लागतं."

तसं नाही, असं म्हणायला सुमैराने तोंड उघडलं. मग "थँक्यू" म्हणून फोन ठेवला. त्या थँक्यूची लाज तिला आदल्या दिवशीच्या ओरडण्यापेक्षा कमी वाटली नाही. दानिशला मात्र तिने खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "राहा तू. इथलं मी बघतो."

तिने जीनतला पोरासकट साताऱ्याला माहेरी पाठवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच जीनत तिथं चार दिवसांपेक्षा जास्त राहिली. तोवर सुमैराने अब्बांबरोबरचे दिवस काढले. सगळे चांगले गेले नाहीत. आणखी दोनदा ती ओरडली. एकदा तर भांडं आपटलं आणि गल्लीतली माणसं डोकावून गेली. हात उचलला नाही. पण उचलेल की काय या धास्तीने ती कधीकधी बाहेर पायरीवर जाऊन बसायची.

जायच्या आधी तिने गल्लीतल्या धोंडुबाईंना कामाला लावलं. दुपारभर अब्बांजवळ बसायचं, म्हणजे जीनतला तेवढा वेळ मोकळा. बाळासोंना तिने दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. नंतरही ते मिरजेला आले नाहीत.

ती परत गेली आणि जुन्याच कामावर रुजू झाली. नव्या जागेवर दुसरी कुणी मुलगी लागली होती. आश्रमात कुणी म्हटलं, "तुला हे किती सहज जमतं," की ती विषय बदलायची.

एका रविवारी फोनवर जीनतचा चेहरा ओढलेला दिसला.

"आज ओरडले मी, आपा," ती म्हणाली. "लय ओरडले."

सुमैराच्या ओठांवर जुनी सूचना आली होती. ती तिने गिळली.

"धोंडुबाई आल्यात का?"

"आल्यात. बसल्यात त्यांच्याजवळ."

"मग तू जेवून घे आधी," सुमैरा म्हणाली. "फोन तसाच ठेव समोर. मी आहे."

जीनतने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि ताट वाढून घेतलं. तिचं जेवण होईपर्यंत दोघी फारसं काही बोलल्या नाहीत.