पिस्गा टेकाडाची साफसफाई

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बेथुन काउंटीत पाट्यांना तोटा नाही. कुठल्याशा जनरलचा घोडा जिथे पाणी प्यायला तिथे पाटी, जुनं कोर्ट जिथे जळालं तिथे पाटी. घोडा मुतला असता तरी पाटी लावली असती मेल्यांनी, असं म्हातारी ओझेला म्हणायची. पिस्गा टेकाडावर मात्र पाटी नव्हती. तिथे दुसऱ्यांचा कापूस वेचता वेचता मेलेली काळी माणसं पुरली होती. त्यांच्यातच ओझेलाचा तान्हा मुलगा एलरॉय होता, डांग्या खोकल्याने गेलेला, दातसुद्धा धड न आलेला.

आता महामार्ग चौपदरी होणार होता आणि आखणी नेमकी टेकाडावरून जात होती. काउंटीचा मोजणीवाला स्ट्रिकलंड फोनवर म्हणाला होता, "मिस ओझेला, जी कबर मला दिसेल तिथे मी झेंडी लावणार. झेंडी लागली की ती नीट उकरून खाली चर्चशेजारी नेतील. दिसलीच नाही तर माझा इलाज नाही."

ओझेलाला दुसरं काही नको होतं. आयुष्याची संध्याकाळ झाली होती, पोराच्या शेजारी निजायला मिळालं म्हणजे झालं. टेकाडावर नाही, तर चर्चपाशी.

तिने अटलांटाहून भाच्याला बोलावून घेतलं. "लायमन, वर नुसतं रान माजलंय. साहेबाने येऊन नाक मुरडायला नको. म्हणेल, यांनाच आपल्या मेलेल्यांची पर्वा नाही. लख्ख करा सगळं."

"तू जेवणाचं बघ, आत्या. बाकीचं माझ्यावर सोड. नुसतं बघत राहशील!"

तिचं कंबरडं कामातून गेलेलं. ती चर्चच्या स्वयंपाकघरात कोंबडी तळत बसली आणि लायमन चर्चच्या सहा-सात गड्यांना घेऊन ट्रॅक्टरसकट वर गेला. दुपारी तो तिला गाडीत घालून वर घेऊन आला, तेव्हा घामाघूम झालेला गडी लग्नघरच्यासारखा हसत होता.

टेकाड तळहातासारखं सपाट झालं होतं. तांबडी माती दंताळ्याने विंचरलेली. पाद्र्याच्या घराण्याच्या कबरींचे चार दगड तेवढे पुसूनपुसून उभे होते. बाकी काही नाही.

"सामान कुठाय?" ओझेलाने विचारलं.

"कसलं सामान?"

"अरे, कबरींवरचं! बश्या, कंदील, शिंपले..."

"ते होय! ट्रेलर भरला की. काय कचरा टाकलाय लोकांनी, आत्या! फुटके कप, बंद पडलेली घड्याळं... लाज नाही लोकांना, दफनभूमीचा उकिरडा केलाय."

ओझेलाने त्याचा दंड धरला. "मुडद्या, ते आपल्याच लोकांनी ठेवलंय! माणूस शेवटचं ज्यातून प्यायला ते त्याच्या उशाशी ठेवायचं. फोडून ठेवायचं, म्हणजे घरातली मरणाची साखळी तुटते. तुझ्या आजीच्या कबरीवर तिचा कंदील होता रे."

"मला कुणी सांगितलंच नाही," लायमन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्या वस्तूंना हात लावायचा नाही आणि त्यांच्याबद्दल बोलायचंही नाही, अशीच रीत होती. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगायची कुणाला? ज्यांना ठाऊक होती ते एकेक करून त्याच मातीत गेले, आणि मागे एकटी ओझेला उरली.

"आणि खड्डे? पेटी कुजून माती खचली की लांबट खोलगट भाग होतो ना, ते?"

"ते बुजवले. कुणाचा पाय मुरगळला असता म्हणून." एवढं बोलून तो वाकून हाताने माती चाचपू लागला.

तेवढ्यात स्ट्रिकलंडची गाडी आली. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून तो दगडांपाशी गेला आणि चार झेंड्या खोचल्या. मग त्याने चारी बाजूंना पाहिलं. "आणखी?"

ओझेला त्याला ट्रेलरपाशी घेऊन गेली. ढिगात हात घालून एकेक वस्तू वर काढू लागली. "हे घड्याळ मोझेलचं. ही बशी कापूस वेचणाऱ्या रफसची. आणि हा..." पांढरा, बूड फोडलेला पत्र्याचा मग तिने छातीशी धरला. "हा माझ्या बाळाचा. यातून दूध प्यायचा."

"मला पटतंय," स्ट्रिकलंड म्हणाला. "पण हा होता कुठे?"

"देवदाराच्या दक्षिणेला, मोझेलच्या पायाशी..."

देवदार तोडला होता. बुंधासुद्धा राहिला नव्हता, आणि मोझेलचं घड्याळ तिच्या दुसऱ्या हातात होतं.

"जमिनीखालचं बघायचं यंत्र असतं म्हणे," लायमन म्हणाला. "ते आणा ना, साहेब."

"वर काहीतरी दाखवावं लागतं, तेव्हा मंजूर करतात. कोऱ्या रानाचे फोटो बघून कोण देणार?" स्ट्रिकलंडने इकडेतिकडे पाहिलं आणि झेंड्यांची एक जुडी ओझेलाच्या हातात दिली. "तुम्हाला वाटेल तिथे लावा. कुणी लावल्या ते मी पाहिलं नाही म्हणेन."

वस्तू लायमनजवळ ठेवून, झेंडी घेऊन ती मातीत उतरली. इथे असेल. नाही, जरा वर. एका जागी तिने झेंडी टेकवलीसुद्धा, मग उपटून काढली. इथे चुकीचं उकरलं तर? नुसती माती पेटीत घालून तिच्यावर एलरॉयचं नाव लिहितील, तिला त्या मातीशेजारी निजवतील, आणि लेकरू राहील इथेच डांबराखाली, वरून ट्रक जातील. देवाशपथ, यापेक्षा न लावलेली बरी. तिने झेंड्या स्ट्रिकलंडला परत केल्या नाहीत, नुसत्या खाली सोडून दिल्या.

"काय हे केलं मी," ती म्हणाली. "लख्ख करा म्हणाले. मीच म्हणाले."

स्ट्रिकलंड गाडीत बसून निघून गेला. ऊन उतरायला लागलं, तरी ओझेला त्या मातीच्या मधोमध तशीच उभी.

"आत्या, चल ना गं," लायमन काठावरून हाक मारत होता. "घरी चल. सगळे जेवायचे थांबलेत."

"कशी येऊ?" ओझेला म्हणाली. "पाय कुठे ठेवू, ते सांग ना मला."