शेळ्यांची खिडकी

त्या दिवशी सूनबाईने डाळीत मीठ घातलंच नाही. विसरली असती तर गोष्ट वेगळी होती. तिने मिठाची बरणी हातात घेतली, झाकण उघडलं, आत नीट बघितलं, झाकण लावलं आणि बरणी होती तिथे ठेवून दिली. मग ताटं वाढली, दोन-दोन करून पडवीत नेली आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत उभी राहिली.

पडवीत सगळे ओळीने बसले होते. सासरे, सासूबाई, नवरा, आठ वर्षांचा दादू आणि चार वर्षांची चिमणी. सासऱ्यांनी पहिला घास तोंडात घातला. जबडा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. नवऱ्याने घास गिळला आणि छताकडे बघितलं.

"ऊन वाढलंय यंदा," तो म्हणाला.

"वाढलंय," सासरे म्हणाले. "पण वारा आहे, त्यातल्या त्यात बरं."

दादूने आजोबांकडे चोरून बघितलं आणि खाली मान घालून खाऊ लागला. पाचही ताटं स्वच्छ झाली. सूनबाईने ती उचलून आत नेली आणि चुलीपुढे बसून कपाळावर हात मारून घेतला.

जेवणाला नावं ठेवली म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या बायका घरोघर असतात. कोणी नावं ठेवत नाही म्हणून मारून घेणारी गावात ही एकटीच. त्याला तसंच कारण होतं.

तिच्या सासऱ्यांना गाव तंटेमोडे म्हणायचं. बांधावरून, पाण्यावरून, कोंबडीवरून, कशावरूनही कोणाचं वाजलं की दोन्हीकडची माणसं त्यांच्या दारात यायची. हा मान सासऱ्यांनी फार मनावर घेतला होता. जगाची भांडणं मिटवणाऱ्याच्या घरात भांडण नको, म्हणून त्यांनी लग्न झालं त्याच वर्षी नियम घालून दिला. जे वाढलं ते, जेव्हा वाढलं तेव्हा, जिथे वाढलं तिथे, निमूट जेवायचं. जेवणाबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. चाळीस वर्षांत नियम एकदाही मोडला नव्हता, आणि हे सासरे भेटेल त्याला सांगत. ऐकणाऱ्या बायका मनात म्हणायच्या, काय नशीब काढलंय त्या सुनेने.

पण जीभ ती जीभच. सरळ बोलू दिलं नाही तर आडवाटेने बोलते. चवीत काही चुकलं की या घरात ऊन वाढायचं. डाळ खारट झाली की विहिरीचं पाणी गोड लागायचं. भात कच्चा राहिला की सासरे म्हणायचे, "दात अजून भक्कम आहेत माझे." आणि जेवणाला नेहमीसारखाच धुराचा वास आला की कोणी काहीच म्हणायचं नाही, कारण तो रोजच यायचा.

स्वयंपाकघर म्हणजे घराच्या मागच्या अंगाची चार भिंती आणि एका दाराची खोली. खिडकी नाही, साधा झरोका नाही. चूल पेटली की धूर आधी छताला जायचा, तिथली जागा संपली की खाली उतरायचा, आणि मग डोळ्यांत, केसांत, डाळीत, जिथे सोय होईल तिथे मुक्काम करायचा. सासूबाईंचे डोळे या खोलीनेच घेतले होते. आता त्यांना समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. सूनबाईला स्वतःच्या डोळ्यांची तितकी फिकीर नव्हती. काळजी होती ती चिमणीची. पोर दिवसभर आईच्या मागे मागे, म्हणजे दिवसभर धुरात. दोन महिने झाले तरी तिचा खोकला हटत नव्हता. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "औषध देते, पण हिला धुरापासून लांब ठेव."

"कुठे ठेवू? एकच तर खोली आहे."

"मग खिडकी पाडा की भिंतीला. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे नर्सबाईंना काय ठाऊक.

योग असा, की तेव्हा घरात गवंडी आलेला होता. तंटे ऐकायला ऐसपैस जागा हवी, म्हणून सासरे दारापुढे नवा ओटा बांधून घेत होते. सूनबाईने डोक्यावरून पदर सारखा केला आणि बाहेर गेली.

"मामंजी, गवंडी आलेच आहेत, तर स्वयंपाकघराला एक खिडकी पाडायची का?"

"का?"

"धूर फार होतो."

"तक्रार कोणाची आहे?"

"माझीच आहे."

"तू रांधणारी. करणाऱ्याने आपल्याच कामाची तक्रार केली तर ती धरत नाहीत." सासरे आता निकाल देण्याच्या बैठकीत बसले. "खाणाऱ्यांपैकी कोणी म्हणालंय का, की जेवणाला धूर लागतो?"

"ते कसे म्हणतील? आपला नियम आहे ना..."

"म्हणजे कोणी म्हणालेलं नाही. तक्रारदारच नाही, तर तंटा कसला? आणि तंटाच नाही, तर मी निकाल कशाचा देऊ?"

गवंड्याने थापी थांबवून मान डोलावली. ज्याचा ओटा बांधायचा त्याच्यापुढे गवंडी दुसरं काय करणार.

तेव्हा सूनबाईने मनाशी ठरवलं, या घरात एक तरी तक्रारदार उभा करायचा. बिनमिठाची डाळ ही तिची पहिली खेप होती. दुसऱ्या दिवशी तिने पोरांचं बाजूला काढून उरलेला भात करपवला. नवरा म्हणाला, "आज कामं फार आहेत," आणि घाईघाईने शेतावर गेला. तिसऱ्या दिवशी भाजीत तिखट दुप्पट घातलं. सासऱ्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, तांब्याभर पाणी संपलं, आणि ते म्हणाले, "आपल्या विहिरीसारखं पाणी पंचक्रोशीत नाही." चौथ्या दिवशी तिने दुपारचं जेवण चार वाजता वाढलं. भुकेने सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

"दिवस मोठा झालाय आता," सासरे म्हणाले.

रात्री अंथरूण घालताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, एकदा तरी म्हणा की, धुराचा वास येतो म्हणून."

"वास येतो हे खरंय."

"मग म्हणा ना."

"वडिलांसमोर?" नवऱ्याने कूस बदलली. "तू असं कर, तूच त्यांना नीट समजावून सांग."

राहिली पोरं. दादूकडून आशा नव्हती, तो आजोबांची बारीक आवृत्ती होता. दुसऱ्या दिवशी तिने चिमणीला मांडीवर घेतलं, तिचं नाक पुसलं आणि विचारलं, "चिमणे, खरं सांग. डाळ कशी झालीये?"

चिमणी खोकली. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "पाणी छान आहे."

सूनबाईला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. चार वर्षांची पोर, खोकून खोकून अर्धी झालेली, आणि तिलाही गिळून गप्प बसायचं शिकवून झालं होतं. शिकवलं कोणी, तर ताट वाढणाऱ्या आईनेच.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "रडतेस का?"

"धूर गेला डोळ्यांत."

"मला नको सांगूस धुराचं." त्या चाचपडत आत आल्या आणि पाटावर बसल्या. "मी तीस वर्षं खिडकी मागितली नाही. वाटायचं, कोणीतरी आपणहून विचारेल. कोणी विचारत नाही गं." थोडा वेळ त्या चुलीच्या आवाजाकडे कान देऊन बसल्या. मग म्हणाल्या, "नियमात तीन गोष्टी आहेत. जे वाढलं ते, हे तू करून बघितलंस. जेव्हा वाढलं तेव्हा, हेही झालं. तिसरी कोणती?"

सूनबाईने डोळे पुसले. "जिथे वाढलं तिथे."

"विहिरीपाशी लाकडांचा भारा पडलाय, चांगला भिजलेला. मला दिसत नाही, पण ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि आल्या तशा उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने पोरांना लवकर जेवू घालून शेजारच्या काकूंकडे खेळायला पाठवलं. चुलीत ओली लाकडं सारली आणि चुलीभोवती पाट मांडले. नेमके त्याच दिवशी बांधावरून भांडणारे दोघे भाऊ आले होते. सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सासऱ्यांनी त्यांना जेवायला ठेवून घेतलं.

"ऐक्याने कसं जेवतात ते आमच्या घरात बघा," ते म्हणाले, आणि पडवीत आले. पडवीत ताटं नव्हती.

"मामंजी, आज इथे आतच वाढलंय," सूनबाईने आतून हाक दिली. "गरम गरम."

सासऱ्यांनी दारातून आत बघितलं. आत काहीच दिसत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर नियम म्हणजे नियम. ते धुरात शिरले, त्यांच्यामागे नवरा, आणि त्यांच्यामागे ते दोघे भाऊ. सासूबाई आधीच जागेवर बसल्या होत्या. त्यांना काय, डोळे उघडे ठेवायची गरजच नव्हती.

जेवण सुरू झालं. दोन घासांत सासऱ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नवरा ताटात घालायचा हात पाण्याच्या भांड्यात घालत होता. सूनबाई फुंकणीने चुलीत हळूहळू फुंकत होती, जाळ होणार नाही इतपतच.

"काय वारा आहे आज," सासरे घोगऱ्या आवाजात म्हणाले. वारा कुठेच नव्हता.

धाकट्या भावाने मान वर केली. समोर थोरला भाऊ बसला होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. सहा वर्षांत धाकट्याने त्याला रडताना बघितलं नव्हतं. थोरल्यानेही बघितलं, तर धाकटा हुंदके दिल्यासारखा खोकत होता.

"रडू नको रे," थोरला म्हणाला. "तो बांध तूच ठेव."

"नको दादा, तुझाच आहे तो," धाकटा म्हणाला, आणि आता मात्र तो खरोखरच रडायला लागला.

बघता बघता गावभर झालं. सहा वर्षांचा तंटा एका जेवणात मिटला, तंटेमोड्यांच्या स्वयंपाकघरातच काहीतरी पुण्याई आहे, असं लोक म्हणू लागले. सूनबाईला वाटलं, आता हे खिडकी कसली पाडतात, उलट आहे ते दार लहान करून घेतील.

पण पुण्याई सोसायला डोळे लागतात. पोरांना आधीच जेवू घालून काकूंकडे धाडल्यावर संध्याकाळचं जेवणही आतच झालं, दुसऱ्या दिवशीचंही तसंच. सासरे भराभर जेवू लागले, मग अर्धपोटी उठू लागले. तिसऱ्या दिवशी एका नव्या तंट्याचे लोक बाहेर ताटकळत बसले होते, आणि तंटेमोडे सुजलेल्या डोळ्यांवर ओलं फडकं धरून मागच्या अंगणात फेऱ्या मारत होते. तक्रार करायची सोय नव्हती. नियम त्यांचा, नाव त्यांचं, आणि चाळीस वर्षांची फुशारकीही त्यांचीच.

शेवटी त्यांनी गवंड्याला मागे बोलावलं. सूनबाई आत तांदूळ निवडत होती. तिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"शेळ्या फार मोकाट झाल्यात," सासरे म्हणाले.

गवंड्याने बघितलं. तिन्ही शेळ्या बांधलेल्या होत्या आणि रवंथ करत होत्या.

"होय," गवंडी म्हणाला. "फारच."

"यांच्यावर घरातून नजर हवी. या भिंतीला एक खिडकी काढ. चांगली मोठी. शेळ्यांसाठी."

"चुलीच्या बरोबर वर काढू का? तिथून शेळ्या नीट दिसतील."

"तिथेच काढ," सासरे म्हणाले.

दोन दिवसांत खिडकी झाली. गावात सासऱ्यांनी सांगितलं, जनावरांची काळजी माणसानेच घ्यायला हवी. लोकांनी मान डोलावली. सूनबाईने कोणाला काही सांगितलं नाही. कौतुक शेळ्यांनी नेलं तरी तिची हरकत नव्हती. खिडकीतून धूर सरळ बाहेर जात होता. चिमणी चुलीपाशी चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती, आणि सकाळपासून फक्त दोनदा खोकली होती. ते सूनबाईने मोजलं होतं.

त्या दुपारी तिने मन लावून स्वयंपाक केला. मीठ बेताचं, तिखट बेताचं, भात मोकळा. जेवणं आता आतच होत होती, ती तिने तशीच चालू ठेवली. चुलीच्या उजेडात नाही, खिडकीतून येणाऱ्या उन्हात सगळे बसले. सहावं ताट तिने स्वतःचं वाढून घेतलं. आजवर ती मागाहून, गार झालेलं, एकटी जेवत आली होती.

सासऱ्यांनी घास घेतला. चावला. थांबले. आणखी एक घास घेतला आणि डाळीच्या वाटीत निरखून बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "आज डाळीत काहीतरी कमी आहे."

नवऱ्याचा हात तोंडाजवळ थांबला. दादूचा आ वासलेलाच राहिला. चाळीस वर्षांत या घरात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. आपण काय बोलून बसलो हे सासऱ्यांच्या ध्यानात आलं, तोवर शब्द निघून गेले होते.

"काय म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना ऐकू चांगलं येत होतं.

"धूर कमी आहे, मामंजी," सूनबाई म्हणाली. "डाळ अशीच लागते."

खिडकीबाहेर एक शेळी ओरडली. मग चिमणीने आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि विचारलं, "मग मी पण बोलू?"

"बोल," सूनबाई म्हणाली.

"मला ही भाजी मुळीच आवडत नाही."

"मलाही नाही," दादू एका दमात म्हणाला. "आणि त्या दिवशी डाळीत मीठच नव्हतं."

"भात करपला होता," नवरा ताटात बघत पुटपुटला. "पाहुणे होते म्हणून नाही बोललो." त्या दिवशी पाहुणे कोणीच नव्हते.

"आणि हे लग्नाच्या पंगतीत बसले होते तेव्हापासून मचमच आवाज करत जेवतात," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकतेय."

सासरे डाळ ओरपता ओरपता थबकले आणि तोंड मिटून चावू लागले.

मग कोणाला खारट आठवलं, कोणाला कच्चं, कोणाला पार आठ वर्षांपूर्वीचं आठवलं, आणि सगळे एकदम बोलू लागले. सूनबाई मांडी घालून बसली, भातावर गरम डाळ वाढून घेतली, आणि आपल्या स्वयंपाकाच्या तक्रारी ऐकत ऐकत पोटभर जेवली.