बेडकाचं दुसरं बटण

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला कल्पिताचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. फुटलेले स्क्रीन आणि फुगलेल्या बॅटऱ्या हा तिचा रोजचा रतीब. त्यामुळे हौसाबाईंनी पिशवीतून हातात धरून खेळायचा गेम काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा तिला वाटलं, नातवाचं काम असणार.

"काय झालं आजी? चालू होत नाही?"

"चालू हाय. बेडूक मरतंय."

हौसाबाई आंबिवलीच्या. नातू सर्वेश शिकायला पुण्याला गेला आणि गेम घरीच सोडून गेला. तेव्हापासून हौसाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ बायजा यांच्यात रोज दुपारी सामना रंगायचा. एक नदी, वाहत येणारे ओंडके आणि एक बेडूक. नेमक्या वेळी बटण दाबलं तर बेडूक ओंडक्यावर, नाहीतर पाण्यात. बायजाबाईंचा बेडूक तीनशे ओंडके आरामात ओलांडायचा. हौसाबाईंचा चाळिसाव्यालाच खपायचा.

"बेडूक असून पान्यात बुडतंय, याला काय म्हनाचा?" हौसाबाईंनी उजवा अंगठा पुढे केला. काठीसारखा ताठ. सोळाव्या वर्षी भात कापताना विळा लागला, तेव्हापासून तो वाकतच नव्हता. "चालीस वरसां बायजा मना हरवाला टपली व्हती. आता रोज हरवतंय."

असली कामं आम्ही करत नाही, असं सांगून कल्पिताला मोकळं होता आलं असतं. पण तीही एका जावेची जाऊ होती. म्हणाली, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तिने उडीच्या बटणावर चांगलं फुगीर, मोठ्ठं बटण चिकटवून ठेवलं होतं. हौसाबाईंनी अंगठा नुसता टेकवला आणि बेडूक न सांगता उडाला. अकराव्या ओंडक्याला जलसमाधी.

"पयलाच बरा व्हता गो."

कल्पिता खट्टू झाली. फुगीर बटण उपटून टाकलं आणि काय करावं, या विचारात स्क्रू उघडत बसली. समोर हौसाबाईंनी पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. रिकामं बसणं त्यांना माहीतच नव्हतं. टक, टक, टक, दाणे पिशवीत पडत होते. कल्पिता बघत राहिली. ताठ अंगठा बाजूला नुसता उभा; सगळं काम खालून तर्जनी करत होती, आणि काय सपाट्याने!

तिने गेम पालथा केला. "आजी, थांबू नका. सोलत राहा."

एका मोडक्या माउसमधलं क्लिकचं बटण तिने काढलं. गेमच्या पाठीला, बरोबर तर्जनी येते तिथे, भोक पाडून ते बसवलं. केसासारख्या दोन वायरी आतल्या उडीच्या बटणाला डाग देऊन जोडल्या आणि झाकण लावलं.

हौसाबाईंचा बेडूक एकशे बारावर गेला. मग दोनशे. मग तीनशे चाळीस! बाहेर उभा असलेला रिक्षावाला भाडं सोडून आत डोकावला. हौसाबाई मात्र गेम पिशवीत टाकून तडक आंबिवलीला निघाल्या. बायजाला गाठायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दोघी जावा दुकानात हजर.

"तूच केलास ना यो?" बायजाबाईंनी चष्म्यावरून रोखून बघितलं. "ही चीटिंग हाय."

"चीटिंग कसली?" हौसाबाई उसळल्या. "तुजा आंगठा चालतंय, माजा बोट."

"बेडूक तसाच उडतो हो मावशी," कल्पिताने समजूत घातली. "फक्त बटणाची जागा वेगळी. पुढचं जुनं बटणसुद्धा आहेच की चालू."

बायजाबाई थबकल्या. "म्हंजे दोनी चालतान?"

"दोन्ही."

हे बोलायला नको होतं, हे कल्पिताला जरा उशिरा कळलं. बायजाबाईंनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि पुढून अंगठा, मागून तर्जनी, आळीपाळीने सुरू केलं. एक दमलं की दुसरं. चारशे. पाचशे. ओंडके भराभर यायला लागले तरी बाई हलेनात. हौसाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उतरत गेला.

"कल्पिता, तो मागचा काढून टाक!"

"मग तुम्ही कशाने खेळणार?"

"मंग पुढचा काढ!"

"हात लावून तर बघ," बायजाबाई मान वर न करता म्हणाल्या. सातशे चौदाव्या ओंडक्याला बेडूक एकदाचा बुडाला.

तीन गिऱ्हाइकं आपापले फोन घ्यायला खोळंबली होती, पण एकानेही घाई केली नाही. कल्पिताला मनातून मजा वाटत होती. इतकी वर्षं दुकान चालवून तिच्या हातच्या कामावरून अजून कोणी भांडलं नव्हतं.

हौसाबाईंनी गेम हिसकावून घेतला, उलटसुलट करून नीट पाहिला. मग डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघितली. ती सगळी शाबूत होती.

"गो पोरी," त्या म्हणाल्या, "इथं डाव्या बाजूलापन एक बसव."

"एक कशाला, दोन बसव!" बायजाबाई म्हणाल्या.

कल्पिताने गिऱ्हाइकांना हाताने थांबायची खूण केली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.